उठून जाता न येणारी बैठक

माझ्या बायकोने, माझ्या मुलीने आणि माझ्या होणाऱ्या व्याह्याने मिळून मला फसवलं. स्ट्रालझुंडच्या बंदरात, भर दुपारी, लोकांच्या देखत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या गावाबद्दल आणि त्या माणसाबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे. ते वाचून मी झालं गेलं विसरलो असं कोणाला वाटायला नको.

मी जुन्या मशिनी विकत घेतो. जर्मनीत एखादा लहान कारखाना बंद पडतो, मालक थकलेला असतो, पोरांना त्या तेलकट कामात रस नसतो, मग मला फोन येतो. मी जातो, लेथच्या अंगावर हात ठेवून तो चालू करायला सांगतो, घासाघीस करतो आणि माल कोल्हापूर नाहीतर भोसरीला रवाना करतो. अकोल्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन मी वोल्फ्सबुर्गला आलो. आज माझं स्वतःचं गोदाम आहे. कोणी हात धरून वर आणलं नाही. घासाघिशीने आणलं.

घासाघिशीत माझं एकच हत्यार आहे. उठून जाणं. बोलणं अडलं की मी कोट घालतो, मालकाला नमस्कार करतो आणि चालू लागतो. मागे वळून बघायचं नाही. गाडीचं दार उघडेपर्यंत हाक येतेच. या एका हत्यारावर मी घर चालवलं आणि मुलीला शिकवलं.

मुलगी रोस्टॉकला शिकायला गेली, तिथेच पीएचडीला लागली आणि तिथेच तिने मुलगा पसंत केला. जर्मन, शांत, नजर खाली ठेवून बोलणारा. मुलगा मला पटला. त्याचे वडील स्ट्रालझुंडला राहतात. तरुणपणी गोदीत वेल्डर होते, नंतर त्यांनी लाल-तपकिरी शिडांची एक जुनी लाकडी मच्छीमार बोट घेतली, स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, आणि आता हौशी लोकांना चार-आठ दिवसांच्या सफरीला नेतात. म्हणजे तेही स्वतःच्या बळावर उभे राहिलेले. मला वाटलं, सोयरीक जुळली.

आमच्यात हुंडा नाही, कन्यादान नाही, मुहूर्त नाही. पांढरे कपडे घालायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, एकमेकांना हार घालायचे, लग्न लागलं. मग बैठकीत बोलायचं काय, असं कोणी विचारेल. बोलायचा असतो मान. कोण कोणाच्या दारी येणार, एवढंच. माझी अटही तेवढीच होती. कागदोपत्री लग्न खुशाल इथल्या स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत लावा, पण मंगल परिणय अकोल्याला, आमच्या वस्तीत, विहाराच्या अंगणात होईल, आणि व्याही तिथे येतील.

मुलाने निरोप आणला. वडिलांना भारतात यायला जमणार नाही, सगळं इथेच करू या. मी कारण विचारलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरी न येण्याची कारणं सांगणारी माणसं मी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. कोणाचा उपवास असे, कोणाला घाई असे, कोणी दारातूनच पाणी नको म्हणे. त्या कारणांचा वास मला लांबून येतो. मी म्हणालो, "ते येणार नसतील तर मीही येणार नाही. तुमचं लग्न तुम्ही लावा." नेहमीसारखा उठलो आणि निघून आलो.

या वेळी हाक आली नाही. मुलीने फोन करणं बंद केलं. दर रविवारी ती आईशी बोलायची, मी खोलीत आलो की आवाज खाली जायचा. स्टांडेसआम्टची तारीख ठरल्याचं मला बायकोकडून कळलं. बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या सहीच्या वेळी तुम्ही नसाल तर ती खुर्ची जन्मभर रिकामी दिसेल तिला." मी म्हणालो, दिसू दे. पण त्यानंतर मला जेवण जात नव्हतं.

मग उन्हाळ्यात एके दिवशी मुलीचा फोन आला, थेट मला. म्हणाली, "पप्पा, शनिवारी स्ट्रालझुंडला या. ते स्वतः बोलणार आहेत तुमच्याशी." मी समजलो, हाक आली. उशिरा का होईना, आली.

बायकोचे गुडघे नेमके त्याच शनिवारी दुखायला लागले. मी पांढरा शर्ट, कोट आणि चामडी बूट असा बैठकीचा वेष केला. तिने एक फुगलेली पिशवी हातात दिली. दोन तासांच्या बोलण्याला पिशवी कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "असू द्या हो, वाटेत लागेल काही." वाटेत मी पिशवी उघडली नाही. ती चूक झाली.

स्ट्रालझुंड हे गाव धंदा जाणणारं आहे, हे मला पाहता क्षणी कळलं. लाल विटांची उंच ख्रिस्ती देवळं, टोकदार माथ्यांची घरं, पाण्याकाठी जुनी धान्याची गोदामं. एकेकाळी इथून धान्य आणि मासे जगभर जायचे. ते दिवस सरले, पण गाव रडत बसलं नाही. गोदामांची हॉटेलं केली, मच्छीमारांच्या बोटींवर पावात घातलेला हेरिंग मासा विकायला काढला, आणि मालाऐवजी माणसं पाण्यावर पाठवायला सुरुवात केली. शनिवार म्हणजे तिथे बोटी बदलण्याचा दिवस. एक टोळी उन्हाने लाल होऊन उतरते, दुसरी फिक्या चेहऱ्याने चढते. बियरचे क्रेट, बटाट्यांच्या जाळ्या आणि झोपायच्या पिशव्या भरलेल्या हातगाड्या लाकडी फळ्यांवरून खडखडत असतात. जुना माल नव्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्या माणसाला असं गाव आवडणारच.

व्याही बोटीवर उभे होते. उंच, रुंद, आणि हात असे की माझा हात त्यांत हरवला. त्यांनी माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. लाकडी डेकवर चामडी तळवे चालत नाहीत. मी बूट काढून चढलो. दारात पायताण काढायला लावणारं जर्मन घर मला बरं वाटलं.

मुलगी म्हणाली, "पप्पा, बंदरातल्या बंदरात एक छोटी चक्कर मारू. मग निवांत बोलू." ती धक्क्यावर दोर सोडायला उभी राहिली. मला वाटलं, दोर सोडून उडी मारेल आणि आत येईल. तिने दोर सोडला, नीट गुंडाळून आमच्या अंगावर फेकला, आणि ती तिथेच उभी राहिली. धक्का आणि बोट यांच्यामधलं पाणी आधी पाऊलभर होतं, मग उडीएवढं झालं, आणि मग उडीचंही राहिलं नाही.

"आता बोला तुम्ही दोघं," ती जर्मनमध्ये म्हणाली. लहानपणापासून महत्त्वाचं असलं की ती जर्मनमध्येच बोलते.

मी मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही. धक्क्यावर मासा-पाव खात बसलेल्या एका बाईने मला हात हलवून निरोप दिला. तिला वाटलं असावं, मी आनंदाने ओरडतो आहे.

व्याह्यांनी मला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि सांगितलं की बोटीवर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, इथे श्रीमान वगैरे काही नाही. व्याह्याला अरे-तुरे! आमच्याकडे माणसं मरेपर्यंत अहो-जाहो करतात. पण पायाखाली जमीन नसताना माणूस किती भांडणार. मग मी माझं भाषण सुरू केलं. गाडी चालवताना चार तास घोकलेलं होतं. ते ऐकत होते, मधूनमधून "या", म्हणजे हो, म्हणत होते, एकदा "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले. मला वाटलं, पटतंय. जर्मन माणूस ऐकतोय एवढं सांगायलाही "या" म्हणतो, हे इतक्या वर्षांनी मला ठाऊक असायला हवं होतं. माझं संपल्यावर त्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "त्या समोरच्या बेटावर बोटीचं नाक धर."

बस्स. उत्तर नाही, काही नाही. धंद्यात जो आधी तोंड उघडतो तो हरतो, म्हणून मीही गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर मला बोलता येत नव्हतं. वारा वाढला होता, बोट एका अंगावर कलली होती आणि पाणी कडेला चाटून जात होतं. मला पोहता येत नाही. अकोल्याला आम्ही उन्हाळ्यात नळाच्या पाण्यासाठी रांगा लावत मोठे झालो, पोहणार कशात? मी दांडा दोन्ही हातांनी धरला होता, दात आवळले होते, आणि मनात बायकोच्या गुडघ्यांचा विचार करत होतो. व्याही एक शब्द बोलले नाहीत. उठले, मोठं शीड थोडं खाली घेतलं, बोट सरळ झाली, आणि ते येऊन माझ्या शेजारी बसले. पाण्याच्या बाजूला.

भूक लागल्यावर मी पिशवी उघडली. त्यात माझा लोकरीचा स्वेटर होता, ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, टूथब्रश होता, रात्रीचा पायजमा होता, धपाट्यांची चळत आणि ठेच्याची बरणी होती. दोन तासांच्या बोलण्याला पायजमा! मी ताबडतोब फोन लावला. बायको म्हणाली, "पोचलात का?"

"कुठे पोचलो?"

"जिथे पोचायचं होतं तिथे," ती म्हणाली, आणि नेटवर्क गेलं. निदान तिचं तसं म्हणणं आहे.

व्याह्यांनी ठेचा काळ्या पावावर लोण्यासारखा फासला. मी अडवलं नाही. माझी तेवढी खुन्नस होतीच. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यांनी नाक पुसलं आणि बरणी पुन्हा मागितली. आमच्या घरचं अन्न मागून खाणारा माणूस आमच्या घरी यायला का तयार नाही, हे मला समजेना. आणि न समजणारी गोष्ट मला झोपू देत नाही.

संध्याकाळी आम्ही हिडेनझे बेटावर पोचलो. बंदर गच्च भरलं होतं. अशा वेळी तिथे एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बोटी कडेला कड लावून बांधतात. बाहेरच्या बोटीवरच्या माणसाने जमिनीवर जायचं तर मधल्या सगळ्या बोटींवरून चालत जायचं. पण रीत आहे. नाकाकडच्या बाजूने जायचं, माणसं बसतात त्या मागच्या भागातून कधी जायचं नाही. आधी हाक द्यायची, पाय हलके टाकायचे. आणि आतल्या बोटीला निघायचं असेल तेव्हा बाहेरच्यांनी कुरकुर न करता दोर सोडून वाट द्यायची. हे ऐकून मला आमची वस्ती आठवली. तिथेही नळावर जायचं तर चार घरांच्या अंगणातून जावं लागे. अंगणातून जायचं, चुलीजवळून नाही. आमची बोट सगळ्यात बाहेर होती.

सकाळी माझं ठरलं. बेटावरून स्ट्रालझुंडला फेरीबोट जाते. आता पायाखाली वाट होती, म्हणजे माझं हत्यार परत हातात आलं होतं. व्याही पाव आणायला गावात गेले होते. मी कोट घातला, बूट हातात घेतले, पिशवी खांद्याला लावली. आणि पाय उचलणार तोच सगळ्यात आतल्या बोटीवरची बाई उभी राहून म्हणाली, "सुप्रभात, आम्हाला निघायचंय."

मी सांगितलं, बोटीचे मालक नाहीत. ती म्हणाली, तुम्ही आहात ना. आणि ती दोर सोडायला लागली. एकेका बोटीवरून डोकी वर आली, सगळे कामाला लागले. कोणीतरी आमचा लांब दोर सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा सोडू नका, मी सांगेपर्यंत. दोर सुटला तर आम्ही सगळे वाहत जाऊ." तो दोर पलीकडच्या खांबाला वेढा घालून माझ्या हातात आला होता. बाहेरच्या बोटींची ती सगळी रांग हळूहळू धक्क्यापासून फिरायला लागली आणि तिचं एक टोक माझ्या मुठीत होतं.

मी बूट टाकले. पिशवी टाकली. दोर ओढला की सैल सोडा म्हणायचे, सैल सोडला की धरा म्हणायचे. माझं डोकं फिरलं आणि मीच हुकूम सोडायला सुरुवात केली. अर्धे जर्मनमध्ये, अर्धे अकोल्याच्या मराठीत. "थांब रे! तू कशाला घुसतो मधी? आल्झो, आधी ती निळी जाऊ दे!" आणि ऐकत होते सगळे. आतली बोट सुटली, बाई हसून हात हलवत निघून गेली, आणि मी रांग पुन्हा धक्क्याकडे ओढत असताना माझ्या डोळ्यांसमोरून फेरी भोंगा वाजवत गेली.

धक्क्यावर व्याही पावाची पिशवी घेऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. घाईघाईने मदतीला आले नाहीत. नाकाकडच्या बाजूने हाका देत सावकाश आले, माझ्या बुटांकडे बघितलं, कोटाकडे बघितलं.

"कुठे निघाला होतास?"

"घरी. फेरीने."

त्यांचं नेहमीचं "या" ते म्हणाले, आणि पाव कापायला बसले. कॉफी ओतली. मग माझ्याकडे न बघता बोलले. "मी विमानात बसू शकत नाही. एकदा बसलो होतो. दार बंद व्हायच्या आधी उतरलो, बायकोला एकटीला पुढे पाठवलं. ती आता हयात नाही. मुलाला माहीत आहे, पण त्याला मी सांगू नकोस म्हणालो. अर्धा जन्म समुद्रावर काढलेला माणूस विमानाला घाबरतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

मी कोट काढून ठेवला. मग मी त्यांना सांगितलं की आमच्या घरी न येण्याची कारणं सांगणारी माणसं मी कशी ओळखतो, आणि त्यांना मी त्यांतलंच एक धरलं होतं. त्यांना हे सगळं माहीत नव्हतं. जर्मन माणसाला सांगायला सोपंही नाही. पण त्यांनी पाव खाली ठेवला आणि पूर्ण ऐकलं. या वेळी एकदाही "या" म्हणाले नाहीत.

शेवटी मी विचारलं, "काल मी घाबरलो होतो, ते दिसलं तुला?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सुकाणू सोडलं नाहीस."

सौदा तिथेच झाला. मी स्टांडेसआम्टला येणार, खुर्चीवर बसणार. ते अकोल्याला येणार, आणि विमानात मी त्यांच्या शेजारी बसणार. पाण्याच्या बाजूला, म्हणजे खिडकीशी, मी बसेन म्हणालो, तर ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. परतीच्या वाटेवर मी बराच वेळ सुकाणू धरलं. स्ट्रालझुंडची देवळं लांबून आधी शिखरं, मग छपरं, मग खिडक्या अशी पाण्यातून वर आली. एखाद्या गावाने माझी एवढी वाट बघितली आहे असं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. धक्क्यावर मुलगी उभी होती. मी दोर फेकला. तिने तो झेलला, बांधला, आणि मग माझ्या गळ्यात पडली. "पप्पा, तुम्ही उन्हाने लाल झालात," एवढंच बोलली. मराठीत.

शरद ऋतूत सही झाली. मी खुर्चीवर होतो. थंडीत आम्ही विमानात बसलो. दार बंद झालं तसं व्याह्यांनी माझं मनगट धरलं. ते मुंबईला जमीन लागल्यावर सोडलं. मनगट सुजलं होतं. मी एक शब्द बोललो नाही, कारण त्यांनी सुकाणू सोडलं नव्हतं.

अकोल्यात त्यांनी दारात बूट काढले. माझ्या थोरल्या बहिणीने "या व्याही, बसा," म्हटलं, आणि ते खाली मांडी घालायचा प्रयत्न करत बसले. मांडवाचे दोर बघून त्यांना राहवेना. मांडववाल्याच्या शिव्या खात त्यांनी प्रत्येक गाठ सोडून आपल्या पद्धतीने बांधली. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा आमचा मांडव जागचा हलला नाही. विहाराच्या अंगणात सगळी वस्ती उभी होती. पंचशील म्हणताना व्याही हात जोडून, ओठ हलवत उभे होते. माझी आई असती तर तिने त्यांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं असतं, आणि ते त्यांनी घेतलं असतं. मला आयुष्याकडून याहून जास्त काही मागायचं नव्हतं. त्या गावाचे, त्या लाल शिडांचे, त्या आतल्या बोटीवरच्या बाईचेसुद्धा माझ्यावर उपकार आहेत.

पण फसवणूक ती फसवणूक. ही कल्पना कोणाची, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मुलगी म्हणते, बाबांची. ती आता व्याह्यांना बाबा म्हणते. बाबा म्हणतात, मी फक्त बोट चालवतो. बायको म्हणते, मी फक्त पिशवी भरली. आणि त्या सकाळी पाव आणायला जर्मन माणसाला एवढा वेळ का लागला, याचं उत्तर तर कोणीच देत नाही. बेकरी धक्क्यावरून दिसते. मी स्वतः जाऊन बघितलं आहे.

येत्या उन्हाळ्यात आम्ही चौघं पुन्हा त्या बोटीवर जाणार आहोत. धक्का सुटला की कोणालाही उठून जाता येणार नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे. तिघांनी तयारीने यावं. दोर कोणी सोडायला सांगितला, याचं उत्तर मला तिथे हवं आहे, आणि ते मिळेपर्यंत मी सुकाणू वळवणार नाही.